तळाचा बंदोबस्त

मत्स्यालयाची हौस लागलेला मनुष्य दुकानात जातो तो मासे पाहण्यासाठी. त्याची नजर माशांवरून वनस्पतींकडे, वनस्पतींवरून दिव्याकडे आणि दिव्यावरून किमतीच्या चिठ्ठीकडे फिरते. घासाघीस होते, सौदा ठरतो, प्राणवायू भरलेल्या पिशवीत मासे घालून तिला रबरबँड लावला जातो, आणि मग निघता निघता 'तळाला घालायला काहीतरी द्या' असे तो म्हणतो, व दुकानदारही तितक्याच बेफिकिरीने निळ्या-गुलाबी खड्यांच्या दोन पिशव्या त्याच्या पुढ्यात ठेवतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी ज्या तक्रारी सुरू होतात, म्हणजे पाण्याला कुबट वास येतो, खड्यांवर तपकिरी लव साचते, गाळ ओढू जावे तर नळीत खडेच अडकतात, त्या सर्वांचे मूळ बहुधा या शेवटच्या दोन मिनिटांच्या व्यवहारात असते. तळ साफ ठेवणे सुकर होईल की ती कायमची डोकेदुखी होऊन बसेल, याचा निकाल टाकीत पाण्याचा पहिला तांब्या पडण्यापूर्वीच बहुतांशी लागलेला असतो. सफाईची साधने आणि सफाईचे वार या गोष्टी त्यानंतरच्या. सबब या प्रकरणात नळीकडे वळण्याआधी वाळूचा विचार काहीसा विस्ताराने केला आहे.

तळाशी काय काय जाऊन पडते याचा तपशील प्रथम पाहिला पाहिजे. माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य, वनस्पतींची झडलेली पाने, मेलेले शेवाळ, आणि या सर्वांवर पोसणाऱ्या जिवाणूंचा बुळबुळीत थर, एवढा ऐवज तेथे रोज जमा होत असतो. नदीत किंवा तळ्यातही हाच प्रकार घडतो. परंतु तेथे पाणी अफाट, मासे विरळ, आणि पावसाळ्यातील पूर वर्षातून एकदा सगळा तळ खरवडून नेतो. आपल्या घरातील नेहमीची टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असते, तीत काठोकाठ भरले तरी ५४ लिटर पाणी मावते, आणि तिला पूर कधीच येत नाही. मत्स्यालयाच्या इतिहासात शास्त्रज्ञांपुढे उभी राहिलेली पहिली अडचणही तळाचीच होती, हे येथे सांगण्याजोगे आहे. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली काचेच्या एका मोठ्या पात्रात वाळू, चिखल व दगड घालून दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने माशांना प्राणवायू पुरवावा आणि माशांनी वनस्पतीला कर्बवायू द्यावा, असा त्यात त्याचा हेतू होता. तो काही काळ साधलाही. तथापि वनस्पतीची जुनी पाने तळाशी कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर हिरवट थर चढला, आणि वायूंचा तोल उत्तम साधूनही प्रयोग फसतो की काय अशी वेळ आली. तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगाई आणून पात्रात सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली, आणि पाणी निवळले. १८५० साली केमिकल सोसायटीपुढे त्याने हा वृत्तांत मांडला. काचेतील जलसृष्टीचा शास्त्रशुद्ध आरंभ येथून मानतात; म्हणजे मासे व वनस्पती यांच्या जोडीला तळाची व्यवस्था पाहणारा तिसरा कोणीतरी हवा, हे ज्ञान या विद्येच्या जन्माबरोबरच आलेले आहे.

हा तिसरा कोणीतरी मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या द्रव्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो, व तो माशांना विषारी असतो. सेर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे दाखवून दिले की, काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये, आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करून त्यावर आपला निर्वाह चालवतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य, आणि वनस्पतींना खत म्हणून उपयोगी. आता हे जिवाणू पाण्यात तरंगत हिंडत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि टाकीत त्यांना मिळणारा मोठा पृष्ठभाग म्हणजे तळाच्या कणांचा. वर सांगितलेल्या टाकीत चार सेंटीमीटर जाडीचा थर घातला तर सुमारे ७ लिटर खडे लागतात, आणि ते अडीच मिलिमीटर व्यासाचे असतील तर त्यांचा एकंदर पृष्ठभाग दहा चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे एका लहान खोलीच्या जमिनीएवढा. इतकी जागा टाकीच्या काचांवर कोठून मिळणार?

यावरून आपल्याकडे पुष्कळ घरांत चालणाऱ्या एका शिरस्त्याचा अनर्थ कळून येईल. महिन्यातून एका रविवारी मासे बादलीत काढावयाचे, टाकी अंगणात किंवा न्हाणीघरात नेऊन पालथी करावयाची, सारे खडे नळाखाली चोळचोळून, कधी मीठ तर कधी पोटॅशियम परमँगनेट लावून लख्ख धुवावयाचे, आणि ताज्या पाण्यात सर्व काही पुन्हा मांडावयाचे. त्या संध्याकाळी टाकी फार सुरेख दिसते. परंतु नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आणि त्या चोळण्याने जिवाणूंची वस्ती उठलेली असते, व ती पुन्हा पुरेशी बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनियाचा बंदोबस्त करणारा कोणी उरत नाही. पाच-सहा दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात, एखाददुसरा मरतो, आणि दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. ज्यांच्या घरी विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी येते त्यांनी तर विशेष खबरदारी घ्यावी. कारण २५ अंश तापमानात, पीएच ७ असता, एकंदर अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पण पीएच ८ झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. तळ साफ असावा, पण तो जिवंतही असावा, या दोन अटी एकदम सांभाळावयाच्या असल्यामुळेच हा विषय दिसतो तितका सरळ नाही.

पाण्यातील मळ वाळूच्या थराने धरावा आणि मग तो थर कसा साफ करावा, हा प्रश्न मत्स्यालयवाल्यांच्या आधी शहरांना पाणी पुरवणाऱ्या अभियंत्यांना पडला होता, आणि त्यांनी त्याची दोन उत्तरे काढली. जेम्स सिम्प्सन याने १८२९ साली लंडनच्या चेल्सी वॉटर वर्क्ससाठी वाळूचा मोठा थर बांधला, त्यातून पाणी अगदी मंद गतीने खाली झिरपे. अशा मंद गाळणीत वाळू फार बारीक घेतात, कणाचे माप साधारण पाव मिलिमीटर. त्यामुळे मळ आत शिरतच नाही, वरच्यावर थबकतो, आणि थर तुंबला म्हणजे वरची एक-दोन सेंटीमीटर वाळू खरवडून काढली की भागते. पुढे जलद गाळणी आली; तिची वाळू जाड, मळ खोलवर शिरणार हे गृहीतच, आणि म्हणून ती साफ करताना पाणी खालून वर जोराने सोडून सगळा थर उचलून घुसळावा लागतो. मत्स्यालयाच्या तळाला या दोहोंखेरीज तिसरा मार्ग नाही. एक तर कण इतके बारीक असावेत की घाण वर पडून राहील व वरच्यावर उचलता येईल. नाही तर ते इतके मोठे व सारखे असावेत की आत शिरलेली घाण पाण्याच्या झोताने बाहेर काढता येईल. त्रास होतो तो या दोहोंच्या मध्ये, मिसळ मापाची वाळू जेथे पडते तेथे. सारख्या मापाचे गोल कण कितीही लहान वा मोठे असोत, त्यांच्यामध्ये सुमारे ४० टक्के जागा मोकळी राहते. परंतु मोठ्यांत लहान मिसळले की लहान कण त्या मोकळ्या जागेत जाऊन बसतात, वाट बंद होते, आणि थर दगडासारखा घट्ट होतो. पाणी किती सहज झिरपेल हे तर कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, असा अमेरिकन अभियंता ॲलन हेझन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नियम बसवून दिला आहे. म्हणजे ३ मिलिमीटरच्या खड्यांतून जितके पाणी जाते त्याच्या शंभरावा हिस्साच ०.३ मिलिमीटरच्या वाळूतून जाईल. काही पुस्तकांत खाली जाड खडी, तीवर मध्यम, आणि सर्वांत वर बारीक वाळू असा नयनरम्य छेद काढलेला असतो. तो कागदावरच टिकतो. माशांच्या उकरण्याने बारीक वाळू खडीच्या फटींतून खाली उतरते, खडी वर येते, आणि वर्षाच्या आत दोन्ही मार्गांचे तोटे तेवढे पदरात पडतात.

तेव्हा पसंती कशाला द्यावी? सामान्य घरगुती टाकीत, जेथे गोल्डफिश, बार्ब, टेट्रा, गप्पी अशी मंडळी आहेत, तेथे २ ते ३ मिलिमीटरचे सारखे, गुळगुळीत खडे आणि त्यांचा चार सेंटीमीटरहून अधिक नसलेला थर, हा माझ्या मते सर्वांत निर्धोक उपाय होय. तळाशी मिशांनी चाचपत हिंडणारे कोरिडोरास किंवा वाळूत अंग पुरणारे लोच ठेवावयाचे असतील तर अर्धा ते एक मिलिमीटरची धार नसलेली वाळू घ्यावी, पण थर दोन-तीन सेंटीमीटरच ठेवावा. एक-दोन सेंटीमीटर व्यासाचे गोटे आणि काचेच्या गोट्या मात्र कटाक्षाने टाळाव्यात. त्यांच्या फटींतून खाद्याचा दाणा जो खाली जातो तो माशाच्या तोंडी लागत नाही आणि आपल्या नळीलाही सापडत नाही. रंगीत खड्यांविषयी मला दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत: हलक्या प्रतीचा रंग सुटतो, आणि भडक निळ्या जमिनीवर कोणताही मासा आहे त्याहून फिका दिसतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची वाळू या कामी उत्तम असते. तिचा गडद रंग माशांना खुलवतो व थोडाबहुत मळ झाकतोही. महसूल खाते वाळूचा हिशेब ब्रासने करते, म्हणजे शंभर घनफुटांनी; आपली गरज इतकी लहान की एका ब्रासात अशा जवळजवळ चारशे टाक्यांचे तळ भरतील, आणि म्हणून शेजारी बांधकाम चालू असेल तर मुकादमाकडून घमेलेभर मागून आणण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. परंतु एक परीक्षा करून मगच ती टाकीत घालावी. आपल्याकडील नद्या-ओढ्यांच्या वाळूत चुनखडीचे गोळे नेहमी आढळतात (पूर्वी हेच वेचून, भट्टीत भाजून चुना करीत), आणि काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले पांढरे स्फटिकही त्यात असतात. त्यांपैकी गारगोटी निरुपद्रवी, पण कॅल्साइट आणि चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळून त्याचा जडपणा व पीएच वाढवितात. दिसण्यात दोन्ही पांढरेच. मूठभर वाळू बशीत घेऊन तीवर न्हाणीघर धुण्याचे ॲसिड जपून थेंब थेंब टाकावे. जेथे बुडबुडे फसफसतील तेथे चुना आहे असे समजावे. चार-दोन खडे असतील तर वेचून टाकावेत. सगळीकडूनच फेस येऊ लागला तर ती वाळू गवंड्याला परत द्यावी. कोकणच्या किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, ती याच कारणाने गोड्या पाण्याच्या बहुतेक माशांना चालत नाही. मॉलीसारख्यांना किंवा आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना ती उलट मानवते.

यानंतर चाळणे. दोन चाळण्या लागतात, एक तीन मिलिमीटर भोकांची, दुसरी दोन मिलिमीटरची. पहिलीतून जे खाली पडेल आणि दुसरीत जे अडकेल तेवढेच आपले. हे काम कंटाळवाणे आहे खरे, आणि घरातील पिठाच्या व गव्हाच्या चाळण्या त्यासाठी पळवल्यास स्वयंपाकघरातून निषेधही होतो. पण पुढील सफाईचा निम्मा भार या एका तासात उतरतो. चाळलेले खडे अकरा-बारा किलो भरतात. ते एकदम न धुता दोन-दोन किलोंचा वाटा परातीत घेऊन, हाताने ढवळून, गढूळ पाणी ओतून देत राहावे, व ओतलेले पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नये. साबण किंवा सोडा यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. टाकीत घालताना मागील बाजूस थर किंचित उंच व पुढे उतरता ठेवतात, त्यात शोभेचा भाग आहेच, परंतु गाळ घरंगळत काचेजवळ यावा आणि डोळ्यांसमोर सापडावा हा खरा हेतू. पंपाचा झोतही अशाच बेताने वळवावा की तळावरून वाहणारे पाणी मळाला एका ठरावीक कोपऱ्यात नेऊन सोडील. दगड व लाकडे ठेवावयाची तर ती काचेवर टेकतील अशी आधी ठेवून मग भोवती खडे घालावेत, म्हणजे त्यांच्याखाली कुजकट पोकळ्या राहत नाहीत, आणि उकरणाऱ्या माशांमुळे दगड कलंडण्याचीही भीती नसते.

आता सायफन. साधन अगदी साधे: एका लवचिक नळीच्या टोकाला तिच्यापेक्षा बरेच रुंद असे पारदर्शक नळकांडे जोडलेले असते. खळ्यावर वावडीवर उभा राहून शेतकरी धान्य उफणतो तेव्हा वारा भूस दूर उडवितो आणि दाणे पायाशी पडतात. या नळकांड्यात हीच उफणणी पाण्यात चालते, फक्त येथला वारा खालून वर वाहतो. नळी ८ मिलिमीटर व्यासाची आणि नळकांडे ३ सेंटीमीटरचे असेल, व मिनिटाला ३ लिटर पाणी वाहत असेल, तर नळीत पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर असतो. परंतु तेच पाणी रुंद नळकांड्यातून वर चढताना चौदा पट अधिक जागेत पसरते, त्यामुळे तेथे त्याचा वेग जेमतेम ७ सेंटीमीटर उरतो. अडीच-तीन मिलिमीटरचा खडा स्थिर पाण्यात सेकंदाला वीस सेंटीमीटरहून अधिक वेगाने खाली पडतो, म्हणून ७ सेंटीमीटरच्या प्रवाहाला तो जुमानत नाही. गाळाचा भुगा सेकंदाला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच उतरणारा, तो प्रवाहाबरोबर वर जातो आणि अरुंद नळीच्या वेगात सापडला की बादलीपर्यंत थांबत नाही. ज्यांचे खडे नळीत चढून अडकतात त्यांचे नळकांडे फार अरुंद किंवा प्रवाह फार जोराचा असतो. बादली थोडी उंच ठेवली किंवा नळी चिमटीत धरली की प्रवाह आवरतो. त्याकरिता नवीन यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

हे काम चालू असताना नळकांड्याकडे लक्ष देऊन पाहण्यासारखे असते. ते खड्यांत उभे रोवावे, तळाच्या काचेला टेकू द्यावे, आणि बोटभर वर उचलावे. आतील खडे एकदम उसळतात, एकमेकांवर आपटत गिरक्या घेतात, आणि त्यांच्यामधून तपकिरी धूर निघाल्याचा भास होतो. तो धूर वर चढत जातो, खडे मात्र वीतभर उंचीच्या आतच घुटमळत राहतात. दोन-तीन सेकंदांत पाणी निवळते, उसळणारे खडे आता ओले, काळे व चकचकीत दिसतात. तेव्हा नळी क्षणभर दाबावी, खडे खाली बसू द्यावेत, आणि नळकांडे लगतच्या जागी रोवावे. या टाकीचा तळ १८०० चौरस सेंटीमीटर आहे आणि नळकांडे एका वेळी ७ चौरस सेंटीमीटर जागा साफ करते. पंधरवड्याला पाव टाकी पाणी, म्हणजे साडेतेरा लिटर, बदलावयाचे ठरविले तर ते वाहून जाण्यास साडेचार मिनिटे लागतात, आणि तेवढ्या अवधीत पंच्याऐंशीच्या आसपास ठिकाणी नळकांडे रोवता येते. म्हणजे बरोबर एक तृतीयांश तळ. म्हणून तळाचे मनाशी तीन भाग पाडून आळीपाळीने एकेक साफ करावा. सहा आठवड्यांत सगळ्या तळाची एक फेरी पूर्ण होते, आणि कोणत्याही एका दिवशी जिवाणूंच्या दोन तृतीयांश वस्तीला धक्का लागलेला नसतो. नवे पाणी भरण्यापूर्वी त्यातील क्लोरीन घालवावा; छायाचित्रकार वापरीत ते हायपो त्यासाठी पुरते. बादलीतला गाळ मोरीत ओतण्याऐवजी कुंड्यांना घालावा, झाडांना तो मानवतो.

तळ बारीक वाळूचा असेल तर हा सारा विधी बदलतो. पाव मिलिमीटरचा कण सेकंदाला तीन सेंटीमीटरच्या आसपासच उतरतो, तेव्हा नळकांडे वाळूत रोवले तर वाळूच बादलीत जाईल. ते वाळूच्या वर बोटभर अंतरावर धरून सावकाश गोल फिरवावे. हलका भोवरा उत्पन्न होऊन वर पडलेला मळ उचलला जातो आणि वाळू जागची हलत नाही. मात्र वाळूच्या आत पाणी जवळजवळ स्तब्ध असल्यामुळे तेथील प्राणवायू संपतो, आणि काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू, तयार करू लागतात. काचेतून पाहिल्यास अशा जागी काळे डाग दिसतात. असे डाग दिसताच घाबरून सगळी वाळू ढवळून काढणे हा सर्वांत वाईट इलाज होय. जेथे डाग आहे तेथील वाळू थोडी थोडी नळीने काढून घ्यावी, आणि पुढे थर पातळ ठेवावा. आपल्या ओढ्यांतून व तळ्यांतून सर्रास सापडणारी, निमुळत्या लांबट शंखाची मेलॅनॉइडीस ट्युबर्क्युलाटा ही गोगलगाय या कामी फार उपयोगी पडते. ती दिवसा वाळूत शिरून खालची वाळू सतत उकरीत असते आणि रात्री दिवा मालवला की वर येते. ती पिल्लांनाच जन्म देते, आणि खाद्य जितके वाया जाईल तितकी तिची प्रजा वाढते. रात्री विजेरी लावून पाहिल्यावर काच गोगलगाईंनी भरलेली दिसली, तर आपला हात खाद्याच्या डबीत फार सैल पडतो याचा तो पुरावा समजावा. वॉरिंग्टनच्या गोगलगाईंप्रमाणे याही मळ नाहीसा करीत नाहीत, त्याचे रूप तेवढे बदलतात. नळीची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येणार नाही.

खड्यांच्या खाली भोके पाडलेली प्लास्टिकची तबके ठेवून, कोपऱ्यातील उभ्या नळीत हवेचे बुडबुडे सोडून, पाणी खड्यांतून सतत खाली ओढण्याची एक युक्ती गेल्या शतकाच्या मध्यानंतर फार लोकप्रिय झाली, आणि आपल्याकडील दुकानांतही ती अनेक वर्षे अग्रभागी होती. हिचा गुण असा की सगळा तळच गाळणी बनतो व जिवाणूंना प्राणवायू भरपूर मिळतो. दोष हा की मळही खाली ओढला जातो, तो तबकाखाली साचतो, आणि तेथे नळकांडे पोहोचत नाही. कुशल मत्स्यपालक उभ्या नळीतून एक बारीक नळी थेट तबकाखाली उतरवून तो गाळ दर महिना-दोन महिन्यांनी ओढून काढतात. ज्या गावी भारनियमन चालते तेथे मात्र मी या युक्तीची शिफारस करणार नाही; बुडबुडे बंद पडले की काही तासांतच खड्यांतील प्राणवायू संपतो, आणि वीज परत आल्यावर तळातील सगळे दूषित पाणी एकदम टाकीत ओढले जाते.

वनस्पतींसाठीच मांडलेल्या टाकीत या नियमांना पुष्कळ मुभा आहे. डायना वॉल्स्टड या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, साधी बागेतील माती तळाशी घालून तीवर खड्यांचा पातळ थर द्यावा व तो कधी उपसूच नये, असे सांगितले. दाट मुळे तळात प्राणवायू सोडतात आणि कुजलेले सर्व काही खाऊन टाकतात, तेथे नळी केवळ वरवर फिरविली तरी पुरते. परंतु मासे मोजके आणि झाडे भरपूर असतील तरच हा हिशेब जमतो. चार गोल्डफिश आणि एक रोपटे अशा टाकीत माती घालणे म्हणजे चिखल विकत घेणे होय.

ऋतूंचा विचारही केला पाहिजे. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. उलट कुजण्याची क्रिया उष्णतेने वाढते. म्हणून वैशाखात तळ जास्त प्राणवायू मागतो आणि पाण्यात तो कमी असतो. विदर्भ-मराठवाड्यातील टाक्यांत एप्रिल व मे या महिन्यांत पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला, पण प्रत्येक वेळी निम्मेच पाणी काढून सफाई करावी, आणि खाद्य हात आखडून घालावे.

शेवटी बदलीच्या नोकरीत असलेल्यांसाठी एक सूचना. बिऱ्हाड हलविताना टाकी रिकामी करावीच लागते, आणि अकरा-बारा किलो खडे बरोबर नेण्यापेक्षा नव्या गावी नवे घेऊ, असा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या खड्यांवरच महिनोन्‌महिने वाढलेली वस्ती असते. टाकीतील पाण्याच्या दोन बादल्या काढून ठेवाव्यात, एकीत खडे हलकेच खंगाळून घ्यावेत, आणि जेमतेम ओले राहतील इतकेच पाणी ठेवून ते उघड्या घमेल्यात पसरून न्यावेत. झाकणबंद डब्यात, पाण्याखाली, त्यांचा प्राणवायू काही तासांत संपतो. ऊन लागू देऊ नये. मुक्कामी पोहोचताच प्रथम टाकी मांडावी, खडे व जुन्या पाण्याची उरलेली बादली तीत घालावी, क्लोरीन घालविलेले नवे पाणी भरावे, आणि मासे सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाद्य निम्मेच द्यावे.